बंबवाल्या मामांचा सत्कार करायचाय, पण कसा?

मागच्या महिन्यात या सदरात गॅसच्या रेग्युलेटरबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की तुमच्या गावाकडं आगीच्या बंबावर कोण असतं त्याचं नाव तरी माहितीये का. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की रेग्युलेटर राहिला बाजूला. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतोय. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी पुणे शहराच्या दलात फायरमन म्हणून लागलो, तांडेल (फायरमनच्या वरचा हुद्दा) झालो, पुढं अजून थोडं वर सरकून निवृत्त झालो. शहरातलं काम मला माहितीये, पण नोकरीत गावाकडच्या बंबाबरोबरही बऱ्याच वेळा उभा राहिलोय आणि खरं सांगायचं तर त्यांचं काम आमच्यापेक्षा अवघड.

प्रश्न : नमस्कार काका, आमचं गाव पुणे जिल्ह्यात, तालुक्यापासून १८ किलोमीटर आत, डोंगराच्या कडेला. तालुक्याच्या नगरपरिषदेच्या बंबावर आमच्याच गावचे एक मामा आहेत, सगळं गाव त्यांना बंबवाले मामा म्हणतं, माझी आजीसुद्धा मामाच म्हणती. ३१ वर्षं नोकरी झाली, येत्या ३१ मेला रिटायर होतायत. गावानं सत्कार करायचं ठरवलं, ४० हजार वर्गणी पण जमली आणि आता भांडणं लागलीत. पोरांना डीजे आणि मोठा फ्लेक्स पाहिजे, सरपंच म्हणतात आमदारांना बोलवू, म्हातारी माणसं म्हणतात कीर्तन ठेवा, एक गट म्हणतो १४ एप्रिललाच करा त्या दिवशी अग्निशमन दिन असतो, आणि मामा म्हणतात मला काहीच नको. तुम्हीच सांगा काय करायचं. (तरुण मंडळाचा एक कार्यकर्ता)

उत्तर : दादा, आधी एक सांग, मामांची जन्मतारीख १ जून ना? असणारच. आमच्या पिढीला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे पोरगं कधी झालं, आई म्हणायची पुराच्या वर्षी आखाडात, मग गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. आणि नियम असा की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणून ३१ मे आला की प्रत्येक ऑफिसात चार-पाच जणांचा एकत्र निरोप असतो, एकाच ऑर्डरमधले हार, एकच भाषण फक्त नाव बदलून. त्या दिवशी मामा तिकडं अडकणार आणि शिवाय मे म्हणजे आमच्या कामाचा ऐन सीझन, वर्दी आली तर माणूस हार गळ्यात घेऊन पळणार. (आमच्यात कॉल आला म्हणत नाहीत, वर्दी आली म्हणतात.)

आता १४ एप्रिल. तारीख चांगलीच आहे, १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला, आमची माणसं ती विझवत असतानाच स्फोट झाले आणि मुंबई दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. पण १४ तारखेला आंबेडकर जयंती असते, गावात मिरवणूक, तालुक्यात मिरवणूक, बंब बंदोबस्ताला उभा, म्हणजे ज्यांचा सत्कार तेच ड्युटीवर. बरं त्या आठवड्यातला दुसरा दिवस म्हणाल तर चैत्रात निम्म्या गावांच्या जत्रा. माझं ऐकाल तर जूनमधे पहिले दोन पाऊस होऊन जाऊ देत, वणवे थांबतात, गंजी भिजतात, बंबावरच्या माणसांना बसायला सवड होते, पेरणीच्या आधीचा एखादा रविवार धरा. पालखी तुमच्या बाजूनं जात असली तर तेवढे दिवस टाळा, तेव्हा सगळेच बंब रस्त्यावर.

डीजे नको, हे मी म्हातारा म्हणून म्हणत नाहीये. ३१ वर्षं भोंग्याच्या आणि पंपाच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाचे कान आधीच गेलेले असतात. आमदारांना बोलवा, मला काही अडचण नाही, मामांच्या पेन्शनच्या कागदाला त्यांच्या फोनचा कधी उपयोग होईलही, फक्त भाषण पाच मिनिटं. कीर्तन ठेवलंत तर उत्तमच.

पण यातलं काहीच नाही केलं तरी चालेल असं एक काम सांगतो. मामा नेमकं काय करत होते ते तुमच्या गावाला माहितीये का? मला शंका आहे. आपल्याला बंब दिसतो तो लाल गाडी येताना, पाणी मारताना, जाताना. गावाकडं बंब उशिरा आला म्हणून शिव्या देतात, दगड मारलेलेही मी बघितलेत. ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोचावा अशी देशपातळीवरची शिफारस आहे, आता १८ किलोमीटर, त्यात घाट, त्यात उसाच्या ट्रॉल्या, तूच गाडी चालवून बघ. आणि पोचल्यावर खरी गोष्ट सुरू होते. साधारण बंबात पाणी ४५०० लिटर. एका होजनं, म्हणजे बंबाच्या पाईपनं, जोरात मारलं तर दहा-पंधरा मिनिटांत टाकी रिकामी. शहरात आम्हाला दुसरी गाडी, तिसरी गाडी, टँकर, सगळं मागोमाग यायचं, गावाकडचा बंब एकटा. मग पाणी आणायचं कुठून? लोक म्हणतात समोर विहीर आहे की! पण बंबाचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जिवावर, कागदावर दहा मीटर पण प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या खालचं पाणी तो उचलत नाही, म्हणजे पंचवीस फूट. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी पन्नास फुटावर. मग म्हणायचं शेतकऱ्याची मोटर चालू करा, तर लाईट नाही, कारण आग लागली म्हणून वायरमननंच लाईन बंद केलेली. हे सगळं डोक्यात ठेवून, कुठल्या वस्तीवर कुणाचं शेततळं आहे, पाटाला कधी पाणी असतं, कुणाकडं डिझेलचं इंजिन आहे, हे ज्या माणसाला पाठ असतं तो माणूस म्हणजे तुमचे मामा. हे कुठल्याही पुस्तकात नाहीये, कुठल्याही ऑफिसात नाहीये. ३१ मेला ते घरी जातील तेव्हा हे सगळं त्यांच्याबरोबर घरी जाणार.

आणि गावाकडच्या आगी पण वेगळ्या. कडब्याची गंज पेटली की वरून कितीही पाणी मारा, वरचा थर भिजतो आणि आत धुमसत राहतं, दोन दिवसांनी परत पेट घेते, ती फोडायलाच लागते, दाताळं घेऊन नाहीतर जेसीबी लावून, आणि ते करताना शेतकरी रडत असतो कारण उरलेली वैरण पण आपण पसरून भिजवतोय. गोठ्याला आग लागली तर नुसतं दावं कापून उपयोग नाही, जनावर घाबरून परत दावणीकडंच धावतं, त्याच्या तोंडावर ओलं पोतं टाकून ओढत न्यायला लागतं. उसाला आग लागली, बहुतेक वेळा तारा एकमेकीला घासून ठिणगी पडते नाहीतर शेजारच्यानं पाचट पेटवलेलं असतं, तर बंब फडात घालताच येत नाही, बांधाबांधानं पळत वाऱ्याच्या पुढं जाऊन मधला ऊस आडवा करायचा. बरं विझली तरी शेतकऱ्याची सुटका नाही, जळालेल्या उसाचं वजन आणि साखर रोज उतरत जाते, कारखान्याची तोड लवकर मिळाली तर ठीक. तारेमुळं जळाला असेल तर नुकसान भरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो, विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो आणि आगीचा दाखला लागतो. तो दाखला मामांच्या दलानं लिहिलेला असतो. तो नीट लिहिला म्हणून तुमच्या गावात कुणाकुणाचे पैसे मिळाले असतील, विचारून बघ. डोंगराला वणवा लागला की तिथं तर बंब चढतच नाही, फॉरेस्टवाले, गावातली पोरं आणि मामा, ओल्या डहाळ्यांनी झोडपत रात्रभर.

तर काम असं. शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरांना वह्या द्या आणि घरोघर पाठवा, एकच प्रश्न, मामा तुमच्याकडं कधी आणि कशासाठी आले होते. तारीख नाही आठवली तरी चालेल, पोरगी पोटात होती तेव्हा, दुष्काळाच्या वर्षी, असं लिहा. दलाच्या स्टेशनवर वर्दीचं रजिस्टर असतं, मुख्याधिकाऱ्यांना साधा अर्ज करून तुमच्या गावाच्या वर्द्यांची नोंद मागा, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागा. मग कार्यक्रमात भाषणाच्या जागी ती वही वाचा. ज्याच्या घरची वर्दी असेल त्यानंच उठून वाचायची. मी हे एका गावात बघितलंय, अडीच तास चाललं आणि एकही माणूस उठून गेला नाही, चहासुद्धा कुणी मागितला नाही, आणि पुण्यातल्या माणसाला चहाशिवाय अडीच तास बसवणं म्हणजे काय ते मला विचारा.

दुसरं, वर्गणीचं. ४० हजारात फ्लेक्स लावाल, आठ दिवसांनी तो कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जाईल (आणि फ्लेक्स पेटतो किती पटकन ते मामांनाच विचारा). त्यापेक्षा गावच्या पाण्याच्या टाकीला खाली बंबाच्या होजचं ६३ मिलिमीटरचं कपलिंग बसेल असं एक तोंड काढून घ्या, व्हॉल्व्हसकट, रस्त्याच्या बाजूला, बंब तिथं उभा राहील आणि वळेल अशी जागा ठेवून. बंब आला, होज जोडला, टाकी भरली, परत आगीवर, लाईट असो नसो. टाकी ग्रामपंचायतीची म्हणून ग्रामसभेचा ठराव लागेल आणि ग्रामसेवक भाऊसाहेब थोडी कुरकुर करतील, करू देत. पाणी पिण्याचं आहे तर एरवी कुलूप लावा, किल्ली दोघांकडं ठेवा. त्याच ठरावात मामांच्या अभिनंदनाची दोन वाक्यं घाला, ठरावाची प्रत नगरपरिषदेला पाठवा म्हणजे त्यांच्या सर्व्हिस बुकाच्या फायलीत जाईल. जागा कुठली, उंची किती, हे मामांनाच ठरवू दे. ‘मला काहीच नको’ म्हणणारा माणूस या कामाला सकाळी सात वाजता टेप घेऊन हजर असेल, पैज लावतो.

नाव काय द्यायचं यावर भांडू नका. लोक मामांचा नळच म्हणणार आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहते, माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका अगदी छोट्या गावात असतो. तिथले एक आजोबा चाळीस वर्षं आगीच्या बंबावर फुकट काम करत होते म्हणे, पगार नाही काही नाही, ते वारले तर अख्खं गाव जमलं आणि वायरलेसवर त्यांचं नाव पुकारलं. मुलाच्या डोळ्यात पाणी आलं फोनवर सांगताना. आपल्याकडं असं का नाही होत? आपल्या लोकांना कदर नाही असंच ना?

उत्तर : ताई, कदर नाही हे सरसकट मी नाही म्हणणार, पद्धत वेगळी आहे एवढंच. तिकडं खेड्यापाड्यात आग विझवायला पगारी माणसं जवळजवळ नसतातच, शेतकरी, दुकानदार, शाळेतले मास्तर, हेच भोंगा वाजला की हातातलं टाकून पळतात. देशभरात बंबावरची निम्म्याहून जास्त माणसं अशी स्वयंसेवक आहेत. आणि हे आजचं नाही, बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून अशी तुकडी उभी केली होती, म्हणजे आपल्याकडं थोरले बाजीराव होते तेव्हा. फिलाडेल्फिया म्हणजे तुमच्या मुलाच्याच राज्यातलं गाव, त्याला सांगा बघून ये.

ते नाव पुकारण्याला तिकडं लास्ट कॉल म्हणतात. कंट्रोल रूमवरून त्या माणसाचा नंबर नेहमीसारखा पुकारायचा, उत्तर येत नाही, परत पुकारायचा, उत्तर येत नाही, मग त्यांची इतकी इतकी वर्षं सेवा झाली, आता ड्युटी संपली असं सांगून वायरलेस बंद. मी ते एकदा मोबाईलवर ऐकलंय. परत नाही ऐकणार.

आपल्याकडं जिल्ह्यात बंब म्हणजे गावागणिक वेगळा मालक. नगरपरिषदेचा असतो, एमआयडीसीचा असतो, शहरालगतच्या गावांना पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) असतो, कुठं साखर कारखान्याचा. जून २०२१ मधे मुळशीत उरवड्याच्या कारखान्याला आग लागली तेव्हा अशा वेगवेगळ्या दलांच्या गाड्या एकाच गेटसमोर उभ्या होत्या. माणसं पगारी, काही ठिकाणी कंत्राटी. त्यामुळं लोकांना वाटतं पगार घेतो ना, मग काम करणारच. पण आपल्याकडं स्वयंसेवक नाहीत असं नका समजू. बंब पोचायच्या आधीचा अर्धा तास ज्यांनी बादल्या मारलेल्या असतात, विहिरीतून माणूस वर काढलेला असतो, ती सगळी गावातलीच माणसं. आता तर ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एक फोन केला की अख्ख्या गावाचे मोबाईल एकदम वाजतात. त्यांचा सत्कार कुणी करत नाही कारण ते कुणाच्या हजेरीपटावर नाहीत. तुमच्या माहेरी कुणी असेल असं, तर बघा.

प्रश्न : काका, माझे बाबा बंबावर २८ वर्षं होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. गावानं सत्कार ठेवलाय तर ते चिडतात, त्या दिवशी मी पंढरपूरला जाणार म्हणतात. रात्री झोपत नाहीत, कुणाचाही फोन वाजला की उठून बसतात. आई म्हणते माणूस विचित्र झालाय. त्यांना राजी कसं करू?

उत्तर : बाळा, राजी करू नकोस.

मला तुझे बाबा माहिती नाहीत पण स्टेजवर बसवून ‘यांनी कितीतरी जीव वाचवले’ म्हणतात ना, तेव्हा खुर्चीतल्या माणसाला वाचवलेले नाही आठवत. जो नाही वाचला तो आठवतो. प्रत्येकाची अशी एक वर्दी असते. माझीही आहे, ती मी इथं लिहिणार नाही, घरीही कधी सांगितली नाही. गावाकडच्या बंबावर तर ते अजून वाईट कारण मी शहरात ज्याला काढलं त्याचं नावसुद्धा मला माहिती नसायचं, तुझ्या बाबांनी विहिरीतून ज्याला काढलं त्याची आई त्यांना रोज एसटी स्टँडवर भेटत असेल.

कार्यक्रम पुढं ढकला, रद्द नका करू. बाबा विचित्र झालेले नाहीत, शरीराला अठ्ठावीस वर्षं सांगितलंय की वाजलं की ऊठ, ते एका वर्षात कसं विसरेल. पण वर्षभर झोप नसेल तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, ते नाही बोलले तरी तू बोल. आणि दुसरी गोष्ट, जरा नेटानं कर. छातीचा एक्सरे, श्वासाची तपासणी, कानाची तपासणी, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग की हे अठ्ठावीस वर्षं धुरात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०२२ मधे अग्निशमनाचं काम हे कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, ज्या गटात तंबाखू आहे त्याच. आमच्या वेळी तर तोंडाला ओला रुमाल बांधून आत जायचो, बीए सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलेंडर, तो गाडीत एखादाच असायचा आणि तो साहेब आले की बाहेर निघायचा. लघवीत रक्त, आवाज बसणं, न जाणारा खोकला, यातलं काही असेल तर पंढरपूर नंतर.

गावाला सांग, बाबांची तपासणी करायला कुणीतरी गाडी काढा आणि दिवसभर बरोबर थांबा. हा पण सत्कारच झाला.

प्रश्न : नाव-गाव छापू नका. मी १९ वर्षं एका ठिकाणी बंबाचा ड्रायव्हर आहे पण कंत्राटी, दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, माणसं तीच. परमनंट लोकांचा सत्कार होतो, आम्ही खुर्च्या लावतो. आमचं काय?

उत्तर : भाऊ, तुझं पत्र वाचून सकाळचा चहा गार झाला. सत्काराचं नंतर बघू, आधी पैशाचं बघ. तुझा पीएफचा यूएएन नंबर काढ आणि मोबाईलवर पासबुक उघड, कुठल्या ठेकेदारानं कुठल्या महिन्याचे भरलेच नाहीत ते तिथं लख्ख दिसतं. सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा हिशेब, पण ठेकेदार बदलला की नोकरी तुटली असं दाखवून ते बुडवतात. म्हणून हजेरीची कागदं, ड्युटी चार्ट, लॉगबुकातली तुझी सही, त्याचे फोटो आत्तापासून काढून ठेव. पाच-सहा जण मिळून पुण्यात कामगार आयुक्त कार्यालयात जा, एकटा जाऊ नकोस, एकट्याला उद्या या म्हणतात.

आणि पहिल्या पत्रातल्या दादा, तुला पण हे लागू. मामांच्या बंबाला ड्रायव्हर आहे ना? तो परमनंट आहे का ठेक्यावर हे न विचारता त्याची खुर्ची मामांच्या शेजारी टाक. होज धरणारा एकटा काही करू शकत नाही, पंप चालवणाऱ्यानं प्रेशर नीट दिलं नाही तर होज माणसाला उचलून आपटतो.

प्रश्न : आमच्या भागातल्या फायरमनला राष्ट्रपती पदक मिळावं म्हणून गावातून सह्यांचं निवेदन पाठवायचं आहे. कुठं पाठवू?

उत्तर : सह्यांवर पदक मिळत नाही. नावं दलाकडून वर जातात, राज्याचं अग्निशमन संचालनालय, मग राज्य सरकार, मग दिल्ली, आणि २६ जानेवारी नाहीतर १५ ऑगस्टला यादी येते. शौर्याचं वेगळं, सेवेचं वेगळं. तुम्ही एवढंच करू शकता की त्यांनी केलेल्या मोठ्या कामाचं लेखी पत्र, तारीख-वार घालून, त्यांच्या वरिष्ठांना द्यायचं आणि पोच घ्यायची. प्रस्ताव करताना साहेबाला कागद लागतो आणि गावाकडच्या लोकांनी कागद कधी दिलेलाच नसतो. सेवेत असतानाच द्या हं, नंतर नाही.

प्रश्न : काका मी २१ वर्षांचा आहे, बारावी झालोय, मला पण फायरमन व्हायचंय. क्लासवाला दीड लाख मागतो, लगेच नोकरी लावतो म्हणतो.

उत्तर : पळ तिथून. राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, भरतीला तोच विचारतात, त्याची जाहिरात येते तिच्यावर लक्ष ठेव. नोकरी ‘लावतो’ म्हणणारा कुणीच लावत नाही. तोवर पळायला लाग, पोहायला शीक, विहिरीत शिकलास तर अजून चांगलं पण कुणीतरी काठावर पाहिजे, आणि जड वाहनाचं लायसन काढायच्या मागं लाग.

प्रश्न : निवृत्त होणाऱ्या बंबवाल्याला भेट काय द्यावी? सगळे म्हणतात घड्याळ. (सासवडहून एक ताई)

उत्तर : ताई, मी निवृत्त झालो तेव्हा मला चार घड्याळं मिळाली. आयुष्यभर शिफ्ट केलेल्या माणसाला चार घड्याळं! एक भिंतीवर आहे, बाकीची तीन पुतण्यांच्या लग्नात गेली. शाली अकरा, त्यातल्या दोन चांगल्या. नारळ इतके की बायकोनं पंधरा दिवस बर्फी केली, शेवटी सोसायटीतली पोरं आम्हाला बघून जिना बदलायला लागली.

त्यांच्या घरातल्यांना विचारा, विशेषतः मामींना. तीस वर्षं दिवाळीला नवरा घरी नाही, कारण फटाक्यांच्या त्या रात्री आमच्या रजा बंदच असतात. लक्ष्मीपूजन एकटीनं केलेलं असतं तिनं. येत्या दिवाळीला दोघांना घरी जेवायला बोलवा, पहिल्यांदाच दोघं एकत्र कुणाकडं दिवाळीला जातील. तेवढं एक करा, जेवताना बाहेर मोठा फटाका वाजला आणि ते ताटावरून उठले तर कुणी हसू नका. दारापर्यंत जाऊन बघून परत येतात, मीही अजून जातो.